दहाव्या नंबरचा संघ

किनाऱ्यावरून माणसांनी ओढायच्या मोठ्या जाळ्याची रापण वाळूवर आली की पोरांची नजर आधी मोठ्या माशावर जाते. चार-पाच किलोची एखादी सुरमई तडफडत असली की तिच्याभोवती घोळका होतो, मोबाइल बाहेर निघतात. मुरलेला रापणकर तिच्यापाशी थांबत नाही. तो जाळ्याच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून चाचपतो. बांगडा किती, तारली किती, कचरा किती. दोन्ही बाजूंच्या दोरांना मिळून चाळीस-पन्नास माणसं लागलेली असतात, त्या सगळ्यांचे वाटे पडायचे असतात, आणि ते एका सुरमईतून पडत नाहीत. ‘एक सुरमय गावली म्हणान रापण बरी झाली, असा नाय,’ हे मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

फुटबॉलच्या लीगांवरून वाद पेटला की मात्र याच किनाऱ्यावर सगळे सुरमईच्या बाजूने बोलू लागतात. जगात सगळ्यात भारी लीग कुठली आणि सगळ्यात कच्ची कुठली, हा वाद सलूनमध्ये होतो, जेटीवर होतो, चहाच्या टपरीवर तर रोजच होतो. पहिलं वाक्य ठरलेलं असतं. ‘रिआल माद्रिदने पंधरा वेळा युरोप जिंकलाय, संपला विषय.’ दुसरा म्हणतो, पॅरिसच्या पीएसजीने २०२५ला चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या, फायनलमध्ये इटलीच्या इंटरला ५-० धुतलं, मग फ्रान्सची लीग का नाही? तिसरा जर्मनीच्या बायर्नचं नाव घेतो. तिघेही क्लबांबद्दल बोलत असतात. लीग हा शब्द वापरतात, पण लीगबद्दल अजून कुणी काहीच बोललेलं नसतं.

लीग जोखायची तर तिचा दहाव्या नंबरचा संघ बघावा, असं माझं ठाम मत आहे. पहिला नव्हे, शेवटचाही नव्हे. वीस संघांच्या तक्त्यात आठव्यापासून चौदाव्यापर्यंतचा जो पट्टा असतो, ज्यांना ना करंडक मिळणार ना ते खालच्या डिव्हिजनमध्ये घसरणार, त्या पट्ट्यात लीगचा खरा बांगडा असतो. पहिल्या नंबरच्या संघालाही अडतीसपैकी बरेचसे सामने याच पट्ट्याशी आणि त्याखालच्यांशी खेळायचे असतात. तिथे दर आठवड्याला घाम गाळावा लागतो की अर्ध्या वेळेला चार बदली खेळाडू उतरवून विश्रांती घेता येते, यावर त्या लीगचं पाणी ठरतं.

हा मधला पट्टा आपल्याला दिसतो किती, हा प्रश्न मात्र आधी सोडवायला हवा, कारण कोकणात बसून झालेली मतं बरीचशी घड्याळाने घडवलेली आहेत. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारा सामना आपल्याकडे थंडीत रात्री साडेआठला आणि त्यांच्या उन्हाळी वेळेत साडेसातला लागतो. दुपारी साडेबाराचा सामना आपल्याकडे संध्याकाळी पाच किंवा सहाला. म्हणजे जेवणाआधीची, घरात सगळे जागे असण्याची वेळ. स्पेन आणि इटलीतला रात्री नऊचा सामना इथे साडेबारा किंवा दीडला येतो. पहाटे होडी लोटायची असलेला माणूस दीड वाजता जागणार तो बार्सिलोना-माद्रिदसाठी, ओसासुना-खेताफेसारख्या मधल्या संघांसाठी नव्हे. त्यामुळे इंग्लंडचा दहावा संघ आपण वर्षातून पंधरा वेळा बघतो आणि स्पेनचा दहावा संघ फक्त माद्रिदकडून हरताना बघतो. मग वाटतं, स्पेनमध्ये मधले संघ आहेतच कुठे! ते आहेत, पण आपण त्या वेळी झोपलेलो असतो.

यात एक गंमतीची गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत फुटबॉलचा सामना टीव्हीवर थेट दाखवायला बंदी आहे. १९६०च्या दशकापासून ही प्रथा चालत आली. लोकांनी घरी न बसता मैदानात जावं, खालच्या डिव्हिजनमधल्या छोट्या क्लबांची तिकीटविक्री बुडू नये, हा त्यामागचा विचार. म्हणजे शनिवारी तीनचा जो सामना मालवणातल्या घरात सहज दिसतो, तो लंडनमधल्या माणसाला टीव्हीवर थेट बघता येत नाही.

डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही म्हणून आकड्यांकडे जावं, तर तिथेही नीट बघून पाय टाकावा लागतो. युएफाचा, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेचा, देशवार गुणांक हा वादातला सगळ्यात आवडता आकडा. त्याची रीत अशी. चॅम्पियन्स लीग, तिच्याखालची युरोपा लीग, तिच्याखालची कॉन्फरन्स लीग या तिन्ही स्पर्धांत एका देशाचे सगळे क्लब जे मिळवतात ते एकत्र करायचं. विजयाला २ गुण, बरोबरीला १, पात्रता फेऱ्यांत त्याच्या निम्मे, आणि पुढच्या फेऱ्या गाठल्याबद्दल वर बोनस. ही बेरीज त्या देशाच्या युरोपात उतरलेल्या क्लबांच्या संख्येने भागायची आणि गेल्या पाच हंगामांचे असे भागाकार मिळवायचे. रापणीच्या वाट्यांसारखंच आहे हे. एकाने कितीही ओढलं तरी भागायचं सगळ्यांत.

भागाकार हीच त्याची ताकद आणि तीच अडचण. समजा एका देशाच्या सहा क्लबांनी मिळून १५२ गुण मिळवले. भागाकार येतो २५.३३. आता त्यांच्याबरोबर सातवा क्लब कॉन्फरन्स लीगच्या सुरुवातीच्या फेरीत उतरला आणि २ गुण मिळवून ऑगस्टमध्येच घरी परतला. बेरीज १५४, भागाकार २२. सहाही क्लब तितकेच चांगले खेळले, तरी वर्षाचे तीनहून जास्त गुण गेले. २०२४-२५च्या चॅम्पियन्स लीगपासून, आदल्या एका हंगामात सगळ्यात जास्त भागाकार असलेल्या दोन देशांना तिथे एक जास्तीची जागा मिळते. इटली आणि जर्मनीला ती पहिल्यांदा मिळाली, त्यातूनच बोलोन्या आणि डॉर्टमुंड पाचव्या नंबरवरून आत आले. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि स्पेन. त्यामुळे सातव्या क्लबाने ऑगस्टमधल्या एखाद्या गुरुवारी काय केलं, याचा हिशेब पाचव्या नंबरच्या क्लबाच्या तिजोरीपर्यंत पोचतो.

पण हा गुणांक लीगबद्दल सांगतो का? वरच्या सहा-सात, फार तर नऊ क्लबांबद्दल सांगतो. २०२५-२६मध्ये इंग्लंडचे नऊ क्लब युरोपात उतरले, त्यातले सहा चॅम्पियन्स लीगमध्ये. तरीही अकरा क्लब उरले, ते युरोपाच्या तराजूत कधी पडलेच नाहीत. स्पेनचा बारावा आणि इंग्लंडचा बारावा एकमेकांशी कधीच गुणांसाठी खेळत नाहीत. ज्या पट्ट्यावर मी सगळी भिस्त ठेवतो, नेमका तोच पट्टा मोजायला थेट साधन नाही.

मग लोक ईलो पद्धतीकडे वळतात. बुद्धिबळातून आलेली ही पद्धत समजायला सोपी आहे. प्रत्येक संघाला एक आकडा असतो. दोघांत १०० गुणांचा फरक असेल तर वरचढ संघाने सरासरी ६४ टक्के गुण घ्यावेत अशी अपेक्षा धरतात, २०० असेल तर ७६, ४०० असेल तर ९१. अपेक्षेपेक्षा चांगलं केलं तर आकडा वाढतो, आणि जेवढा एकाचा वाढतो तेवढाच समोरच्याचा घटतो. हा शेवटचा भाग लोक विसरतात. एकाच लीगमधले संघ आपापसात खेळतात तेव्हा गुण फक्त या खिशातून त्या खिशात जातात, लीगची एकूण पुंजी तेवढीच राहते. ती बदलते फक्त बाहेरच्यांशी खेळल्यावर. आठवडी बाजारात गावातल्या गावात कितीही व्यवहार झाला तरी गावाची मिळकत वाढत नाही, मुंबईहून मनिऑर्डर आली तर वाढते, तसंच. ज्या लीगचे क्लब बाहेर क्वचित खेळतात, ब्राझीलची, अमेरिकेची किंवा आपलीही, त्यांचे ईलो आकडे जरा हात राखूनच घ्यावेत. चूक सूत्रात नसते, बाहेरचे सामनेच थोडे असतात.

ब्राझीलबद्दलचा हा संशय २०२५च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या क्लब विश्वचषकात सगळ्यांसमोर आला. ब्राझीलचे चार क्लब उतरले, चारही बाद फेरीत गेले. बोटाफोगोने पीएसजीला १-० हरवलं, तीनच आठवड्यांपूर्वी युरोप जिंकलेल्या पीएसजीला! फ्लामेंगोने चेल्सीला ३-१. फ्लुमिनेन्सेने इंटरला २-० बाहेर काढलं आणि पुढे उपांत्य फेरी गाठली. सौदीच्या अल-हिलालने मँचेस्टर सिटीला जादा वेळेत ४-३ हरवलं. शेवटी चेल्सीने फायनलमध्ये पीएसजीला ३-० हरवून चषक नेला, ते सोडा. त्या निकालांना कारणं होती. युरोपचे संघ दहा महिन्यांच्या हंगामानंतर थकून आले होते, ब्राझीलचे त्यांच्या हंगामाच्या ऐन मध्यावर होते, आणि दुपारच्या उन्हात खेळायची त्यांना सवय होती. वजाबाकी करूनही खाली बरंच उरतं. ब्राझीलच्या लीगमधून दरवर्षी वीसपैकी चार संघ खाली जातात, त्याआधी राज्यांच्या स्पर्धा, मधे कोपा लिबर्टाडोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा. २०१९ ते २०२५ प्रत्येक वर्षी लिबर्टाडोरेस ब्राझीलच्याच क्लबाने जिंकली, आणि त्या सात वर्षांत चार वेगवेगळ्या क्लबांनी. माझ्या लेखी ‘चार वेगवेगळ्या’ हे ‘सलग सात’पेक्षा जास्त मोलाचं आहे.

वेगवेगळे क्लब मोजायची ही सवय लावून घेतली तर जुन्या काळाचाही निवाडा सोपा होतो. १९९०च्या दशकातली इटलीची सेरी आ ही आजवरची सगळ्यात भक्कम लीग होती असं ज्येष्ठ मंडळी सांगतात, आणि ते नुसतं आठवणींच्या प्रेमापोटी नाही. १९९२ ते १९९८ सलग सात वर्षं युरोपच्या सर्वोच्च फायनलमध्ये इटलीचा क्लब होता. सांप्दोरिया एकदा, मिलान तीनदा, युव्हेंटस तीनदा. पण खरा पुरावा दुसऱ्या स्पर्धेत आहे. युएफा कप ही तेव्हा देशात विजेते न ठरलेल्या वरच्या संघांची स्पर्धा होती. १९८९ ते १९९९ या अकरा वर्षांत तो आठ वेळा इटलीत गेला : नापोली, युव्हेंटस, इंटर, पुन्हा युव्हेंटस, इंटर, पार्मा, इंटर, पार्मा. यातल्या चार फायनल तर दोन्ही बाजूंनी इटलीच्याच होत्या. १९९२ला तोरिनो आणि १९९७ला इंटर फायनलमध्ये हरले, ते वेगळे. विजेत्यामागे उभी असलेली ही फळी, तिथे जाळं जड होतं.

स्पेनचा काळ याच मापाने बघावा. २०१४ ते २०१८ या पाच वर्षांत चॅम्पियन्स लीग आणि युरोपा लीग मिळून दहा करंडक होते, त्यातले नऊ स्पेनला गेले. चॅम्पियन्स लीगचे पाच माद्रिद आणि बार्सिलोनात वाटले गेले, म्हणजे सुरमई. पण युरोपा लीगचे तीन सेव्हियाचे, एक अ‍ॅटलेटिकोचा. २०१६चा सेव्हिया बघा. घरच्या लीगमध्ये सातवा. त्या हंगामात परक्या मैदानावर लीगचा एकही सामना जिंकलेला नाही. तो संघ बासेलला जाऊन इंग्लंडच्या आठव्या नंबरच्या लिव्हरपूलला ३-१ हरवतो. सातवा विरुद्ध आठवा असा सामना युरोपात क्वचितच बघायला मिळतो.

याच्याही पुढचं उदाहरण २०२५चं. बिल्बाओत युरोपा लीगची फायनल टॉटनहॅमने मँचेस्टर युनायटेडला १-० हरवून जिंकली. इंग्लंडच्या अव्वल प्रीमियर लीगच्या तक्त्यात टॉटनहॅम सतरावे होते, ३८ गुणांवर, आणि युनायटेड पंधरावे. टपरीवर याचा अर्थ लगेच लावला गेला की इंग्लंडचा सतरावासुद्धा युरोप जिंकतो! इतका सरळ तो नाही. टॉटनहॅमने लीगमधून जवळपास अंग काढून घेतलं होतं, दुखापती होत्या, उरलेली ताकद युरोपा लीगच्या गुरुवारच्या सामन्यांसाठी राखली होती. तो सतराव्या नंबरच्या पगारांचा संघ नव्हता. तक्त्यातली जागा आणि संघाची ताकद यांत असं अंतर पडू शकतं. तरीही एक गोष्ट त्यातून खरी निघते. लीगकडे जराशी पाठ फिरवली तर इतका महागडा संघ थेट सतराव्या जागेवर घसरतो, म्हणजे मधले संघ किती दाट उभे आहेत बघा. कमकुवत लीगमध्ये असा संघ पाठ फिरवूनही चौथा येतो.

दाट उभं असणं आणि सगळे सारखेच कच्चे असणं यात मात्र गल्लत होऊ नये. ‘कुणीही कुणालाही हरवतो’ हे चुरशीचं लक्षण आहे, दर्जाचं नव्हे. थोडा हिशेब करून बघू. वीस संघ अगदी सारख्या ताकदीचे, प्रत्येक सामना निव्वळ नशिबावर, चारात एक बरोबरी. ३८ सामन्यांनंतरही सगळे एका गुणसंख्येवर येणार नाहीत. गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून संघ किती पांगतात त्याचं माप, साधारण ८ येईल. म्हणजे कुणीच कुणापेक्षा सरस नसतानाही वरचा आणि खालचा यांत सहज तीसेक गुणांचं अंतर दिसेल. मोठ्या लीगमध्ये प्रत्यक्षात हे विचलन याच्या दुपटीच्या आसपास असतं. म्हणून आठवा आणि बारावा यांत पाच-सहा गुणांचा फरक असेल तर त्यावर भांडण करू नये, तो वाऱ्याचा फरक आहे. आणि सगळा तक्ता आठ-नऊच्या विचलनात बसला तरी ती लीग भारी ठरत नाही. गावच्या स्पर्धेतही तसंच असतं.

उलट टोकाला स्कॉटलंड आहे. १९८४-८५मध्ये अ‍ॅबरडीन जिंकलं, त्यानंतर २०२४-२५पर्यंत सेल्टिक आणि रेंजर्सखेरीज कुणीही नाही. लाटव्हियात स्कोन्तोने १९९१ ते २००४ सलग चौदा विजेतेपदं घेतली. बल्गेरियात लुदोगोरेत्सने २०२५ला आपलं सलग चौदावं घेतलं. अशा लीगमधून एखादा संघ युरोपात जाऊन मोठ्याला हरवतो तेव्हा आनंद होतो, आणि व्हायलाच हवा. २८ सप्टेंबर २०२१ला मोल्दोव्हाच्या शेरिफ तिरास्पोलने बेर्नाबेऊत, म्हणजे माद्रिदच्याच मैदानावर, रिआल माद्रिदला २-१ हरवलं. सेबास्तियन थिलने ऐन शेवटी लांबून मारलेला तो डाव्या पायाचा गोल आजही लोक पुन्हा पुन्हा बघतात. पण त्या गोलाने मोल्दोव्हाची लीग एक पायरीही वर गेली नाही. शेरिफच्या घरच्या सामन्यांत त्याला तसं झगडायला लावणारं कुणी नव्हतं. बळकट क्लब आणि बळकट लीग यांतला फरक यापेक्षा स्वच्छ दाखवता येणार नाही.

दर्जा तपासायची मला सगळ्यात भरवशाची वाटणारी जागा दोन डिव्हिजनच्या मधली पायरी आहे. इंग्लंडची दुसरी डिव्हिजन, चॅम्पियनशिप, चोवीस संघांची, प्रत्येकी ४६ सामने. पहिले दोन थेट वर, त्यांच्यामागचे काही संघ प्लेऑफचे जादा सामने खेळून त्यातला एक. जगातली सगळ्यात भारी दुसरी डिव्हिजन हीच, यावर फारसं दुमत नसतं. २०१७मध्ये पोर्टोचा रुबेन नेव्हिस, जो अठराव्या वर्षी चॅम्पियन्स लीगच्या सामन्यात कर्णधार झाला होता, तो वुल्व्हरहॅम्प्टनसाठी या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळायला आला. वुल्व्हज ९९ गुण घेऊन वर गेले. पोर्तुगालच्या सर्वोच्च क्लबातून इंग्लंडच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये! खेळाडू कुठून कुठे जातात आणि कुठल्या नंबरचा संघ त्यांना नेतो, हे दोन हंगाम टिपून ठेवलं तर गुणांकापेक्षा जास्त कळतं.

आणि तरी वर गेलेले टिकतातच असं नाही. २०२३-२४मध्ये लुटन, बर्नली, शेफील्ड युनायटेड हे तिन्ही नवे संघ एका वर्षात खाली आले. पुढच्या वर्षी लेस्टर, इप्सविच, साउदॅम्प्टन तिन्ही. साउदॅम्प्टन १२ गुणांवर, म्हणजे २००७-०८च्या डर्बी काउंटीच्या ११ गुणांच्या नीचांकापेक्षा जेमतेम एक जास्त. याचा अर्थ प्रीमियर लीग आणखी बळकट झाली असा लावायचा, की दोघांमधली पायरी फार उंच झाली असा? मला दुसरा पटतो. मूळ पैशात आहे. प्रीमियर लीगच्या देशांतर्गत टीव्ही उत्पन्नातला निम्मा भाग सगळ्यांना सारखा, पाव भाग क्रमांकाप्रमाणे, पाव भाग किती सामने दाखवले त्याप्रमाणे. त्यामुळे तळाच्या क्लबालाही वर्षाला दहा कोटी पौंडांहून जास्त मिळतात, आणि म्हणून दहावा संघ भक्कम राहतो. खाली घसरलेल्यांना तीन वर्षांपर्यंत त्या समान वाट्याचे अनुक्रमे ५५, ४५ आणि २० टक्के मिळत राहतात. या आधाराने ते चॅम्पियनशिपमध्ये इतरांपेक्षा जड होतात, परत वर जातात, परत खाली येतात. ज्या वाटपाने वरची लीग दाट केली, त्याच वाटपाने खालची विरळ व्हायला लागली. स्पेनने टीव्ही हक्क एकत्र विकायचा कायदा २०१५मध्ये केला. त्याआधी माद्रिद आणि बार्सिलोना आपापले हक्क वेगळे विकत आणि मोठा वाटा घेऊन जात.

आता कच्च्या लीगांकडे. इथे हसण्याची पद्धत आहे, ती मला आवडत नाही. सान मरिनोचं नाव घेतलं की लोक हसतात, पण तिथले खेळाडू दिवसभर आपापली कामं करून संध्याकाळी सरावाला येतात, ती व्यावसायिक लीगच नाही. तिथल्या त्रे पेन्नेने २०१३मध्ये आर्मेनियाच्या शिराकला १-० हरवलं, तो सान मरिनोच्या क्लबाचा चॅम्पियन्स लीगमधला पहिला विजय. जिब्राल्टरच्या लिंकन रेड इम्प्सने जुलै २०१६मध्ये सेल्टिकला १-० हरवलं, परतीच्या सामन्यात ३-० हरले. लिश्टेनस्टाइनचं तर काय करायचं तेच कळत नाही. त्या देशाला स्वतःची लीगच नाही, सातही क्लब स्वित्झर्लंडच्या लीगमध्ये खेळतात, घरी फक्त एक कप. त्यातला व्हाडुझ २०२२-२३मध्ये स्वित्झर्लंडच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये असताना कॉन्फरन्स लीगच्या गटात पोचला. न्यूझीलंडच्या ऑकलंड सिटीला क्लब विश्वचषकात बायर्नने १०-० हरवलं, बेन्फिकाने ६-०. नोकरीधंद्यातून सुट्टी काढून आलेली ती माणसं होती. तिसऱ्या सामन्यात त्यांनी बोका ज्युनियर्सला १-१ रोखलं, आणि तो गोल शिक्षक होण्याचं शिक्षण घेणाऱ्या एका बचावपटूने कॉर्नरवर हेडरने केला. त्यांना जगातला सगळ्यात कच्चा संघ म्हणणं म्हणजे होडीची बोटीशी तुलना करणं.

कच्ची लीग म्हणजे माझ्या लेखी जी पैसा, मैदानं, पगार सगळं व्यावसायिक असूनही दहाव्या संघावर काहीच ताण टाकत नाही, ती. आणि इथे आपल्या घराकडे बघावंच लागतं. इंडियन सुपर लीग २०१४मध्ये आठ संघांवर सुरू झाली, गटात प्रत्येकी १४ सामने, अडीच महिन्यांत आटोपली. २०२४-२५ला तेरा संघ, २४ सामने. चॅम्पियनशिपमधला खेळाडू ४६ खेळतो त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त. पाय तयार होतात ते सामन्यांत, सरावात नव्हे. दुसरं, २०२४-२५पर्यंत या लीगमधून खाली कुणी गेलेलं नाही. हैदराबादने २०२१-२२चा करंडक मडगावच्या फातोर्ड्यात उचलला आणि २०२३-२४ला २२ सामन्यांत एकच विजय मिळवून तळाला राहिले, तरी पुढच्या वर्षी त्याच लीगमध्ये. फेब्रुवारीत दहाव्या नंबरच्या संघाला ना वर जायची आशा असायची ना खाली जायची भीती. मग त्याच्याविरुद्ध खेळणाऱ्या पहिल्याची परीक्षा कोण घेणार?

ती परीक्षा बाहेर गेल्यावर होते. ११ एप्रिल २०२२ला मुंबई सिटीने इराकच्या अल-कुवा अल-जविया संघाला २-१ हरवलं, एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेत, सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब. त्याच्या आदल्या वर्षी एफसी गोवाने मडगावात अल-रय्यानला ०-० रोखून भारतीय क्लबाचा तिथला पहिला गुण मिळवला होता. पुढच्याच खेपेला, २०२३मध्ये, मुंबई सिटीला अल-हिलालने रियाधमध्ये ६-० हरवलं आणि गटातले सहाही सामने मुंबई सिटी हरली. दोन्ही निकाल खरे आहेत. पहिला म्हणतो की आपला वरचा संघ चांगल्या दिवशी लढतो, दुसरा म्हणतो की दर आठवड्याला लढायची सवय त्याला घरी लागलेली नाही.

फार मागे जायला नको, तेरेखोलच्या खाडीपलीकडेच वेगळं चित्र होतं. २००७-०८ला आय-लीग, देशाची तेव्हाची अव्वल लीग, सुरू झाली तेव्हापासून २०१२-१३पर्यंतची पहिली सहाही विजेतेपदं गोव्यात गेली. धेंपो तीन, चर्चिल ब्रदर्स दोन, साळगावकर एक. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून लहान असलेल्या राज्यात तीन वेगवेगळे क्लब देशाचे विजेते, आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा, वास्को हे त्यांच्या पाठीला लागलेले. त्या काळी गोव्याच्या प्रोफेशनल लीगमधला मधला संघ विजेत्याला घाम फोडत असे. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गाहून रोज कामाला गोव्यात जाणारी माणसं संध्याकाळची गाडी चुकवून म्हापशाच्या नाहीतर फातोर्ड्याच्या मैदानावर थांबायची ती त्या सामन्यांसाठी. २०१६मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग तिघांनीही आय-लीगमधून माघार घेतली. देशाच्या लीगमधली ती दाट फळी एका वर्षात उठली. २०२०-२१ आणि २०२१-२२ला सुपर लीगचे सगळे सामने गोव्यातच, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या मैदानांवर, २०२२ची फायनल सोडली तर रिकाम्या स्टँडसमोर झाले. मैदानं गोव्याची होती, पण लीगमध्ये गोव्याचा संघ एकच होता.

भात कापून झालं की आरोंदा-सातार्ड्याच्या मळ्यांत आजही सुरूच्या वाशांचे गोलपोस्ट उभे राहतात. जमिनीत राहिलेल्या खुंटांवर चेंडू वेडावाकडा उडतो, म्हणून तिथली पोरं चेंडू पायाशी फार ठेवत नाहीत, पहिल्याच स्पर्शात पुढे ढकलतात. ही सवय चांगली असते, आणि गोव्याच्या जुन्या प्रशिक्षकांना ती लांबून ओळखू येते. घाट चढून कोल्हापूरला गेलं तर तिथे शाहू स्टेडियमवर तालमींची लीग आहे, पेठा रिकाम्या करून लोक बघायला येतात. खाडी ओलांडली तर गोव्याची तिसरी, दुसरी, पहिली डिव्हिजन आहे. सिंधुदुर्गातल्या सतरा वर्षांच्या मुलाला यातलीच एखादी वाट धरावी लागते, आणि बहुतेक जण खाडीची धरतात, कारण संध्याकाळी घरी परत येता येतं.